बंदुकीचा परवाना आणि रायफल क्लब : एक ऐतिहासिक विचार

गेल्या खंडेनवमीस आमच्या कडेगावच्या घरी नित्याप्रमाणे शस्त्रपूजन झाले. आमच्या घरची शस्त्रे ती कोणती? विळा, कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि आम्ही शिक्षकी पेशातील म्हणून पाटी व लेखणी. पूजा आटोपल्यावर पुतण्याची दृष्टी सोप्यातल्या तुळईखालच्या दोन खुंट्यांकडे गेली. त्या खुंट्यांवर एके काळी आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक आडवी टांगलेली असे. आज त्या रिकाम्या आहेत. पुतण्या म्हणाला, "तात्या, आता रायफल क्लबाचा सभासद झाले की परवाना सहज मिळतो म्हणे. पोरीला नेमबाजीचा नाद लागलाच आहे. तिच्यासंगे माझेही नाव क्लबात घालतो. वर्षभरात कमरेला पिस्तूल येईल."

आम्ही त्या वेळी काहीच बोललो नाही. परंतु हाच प्रश्न अलीकडे ज्ञातीतील दुसऱ्याही दोन-तीन घरी आमच्या कानी आला. हाती चार पैसे खेळू लागलेल्या तरुणांना परवाना म्हणजे प्रतिष्ठेचे भूषण वाटू लागले आहे. यास्तव स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घेण्याचे आम्ही ठरविले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले प्राथमिक शिक्षक, कायदेपंडित नव्हे. तथापि आयुष्यभर मुलांना इतिहास शिकविला, त्या सवयीने या परवान्याच्या मुळाशी जाण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्या मुलखात शस्त्र बाळगण्यास सरकारी परवाना लागावा, ही गोष्ट फार जुनी नव्हे. गावचा पाटील, रामोशी, जागल्या, वाटसरू व्यापारी या सर्वांजवळ काही ना काही हत्यार असे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. पुढे १८५७ च्या उठावाचे लोण साताऱ्यापर्यंत पोहोचले. रंगो बापूजींचा कट उघडकीस आला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. खुद्द रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. त्याच १८५७ साली शस्त्रांची आयात, निर्मिती, विक्री व बाळगणे यांवर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि १८६० साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली. प्रजेला नि:शस्त्र करण्याचा अधिकार त्यात सरकारने स्पष्ट शब्दांत स्वत:कडे घेतला.

येथे एका योगायोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. १८५९ साली इंग्लंडात राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला होता. सामान्य नागरिकाने नेमबाजी शिकावी व प्रसंगी देशाच्या उपयोगी पडावे, हा त्याचा हेतू. १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या माळावर त्या संघाच्या पहिल्या स्पर्धा भरल्या, तेव्हा खुद्द व्हिक्टोरिया राणीने पहिली गोळी झाडून त्यांचे उद्घाटन केले. ज्या वर्षी राणी आपल्या प्रजेच्या हाती रायफल पाहून संतोष पावली, त्याच वर्षी तिच्या दुसऱ्या प्रजेच्या हातातील बंदूक काढून घेण्याचा कायदा येथे मंजूर झाला. तेथे क्लब आणि येथे जप्ती, असा हा भेद होता.

यानंतर १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी शस्त्रांचा कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. वृत्तपत्रांचा कायदा पुढे लॉर्ड रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्रांचा मात्र टिकला. परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. परंतु युरोपियन व त्यांच्या वंशाचे लोक यांना नियमांनी परवान्याच्या अटीतून वगळले होते. आणखी एक सवलत खुद्द कायद्याच्या पहिल्याच कलमात होती. १८६९ च्या कायद्यान्वये जो 'व्हॉलंटियर' म्हणून दाखल झाला असेल त्याला आपल्या कामगिरीपुरते शस्त्र परवान्यावाचून बाळगता येई. म्हणजे संघटनेचे सभासदत्व आणि शस्त्राची मोकळीक यांची सांगड आजची नव्हे, ती त्या काळापासूनची आहे. व्यवहारात मात्र या व्हॉलंटियर पथकांची दारे गोऱ्यांना व अँग्लो-इंडियनांना उघडी आणि हिंदी माणसास बहुधा बंद असत.

हा अपमान आपल्या पूर्वसूरींस फार झोंबला. राष्ट्रसभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात हिंदी लोकांस व्हॉलंटियर म्हणून घ्यावे अशी मागणी केली, आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रांच्या कायद्यात बदल करण्याचा ठराव केला. अहिंसेचे पुजारी महात्मा गांधी यांनीही आपल्या आत्मकथेत, एका संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना ब्रिटिश राजवटीच्या काळ्या कृत्यांत केली आहे. शस्त्र चालवावे म्हणून ही मागणी नव्हती. अमुक एका वर्णाचा म्हणून विश्वासास पात्र आणि तमुक वर्णाचा म्हणून अपात्र, या न्यायाविरुद्ध ती होती. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतील हा वर्णभेद कागदावरून गेला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो प्रसिद्ध ठराव झाला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता.

आमच्या आजोबांची बंदूक याच काळातली. त्या वेळी कडेगाव सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात मोडत असे. दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा १९४९ साली झाला, १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले, आणि कडेगाव स्वतंत्र तालुका होण्यास त्यानंतर आणखी चार दशके जावी लागली. आजोबांच्या परवान्यावर साताऱ्याच्या कलेक्टरचा शिक्का होता. कारण लिहिले होते शेतरक्षणाचे. डुकरे व कोल्हे शाळू-भुईमुगाची नासाडी करीत. आजोबा माचाणावर बसून बार काढीत. नूतनीकरणाच्या वेळी मात्र ते स्वच्छ धोतर व पागोटे घालून, बंदूक गोणपाटात गुंडाळून, हात जोडून कचेरीत उभे राहत. परवाना हा त्यांच्या लेखी हक्क नव्हता, साहेबाची मेहेरबानी होती.

पुढे १९४२ चे आंदोलन आले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी शेजारच्या वडूज येथील कचेरीवर नि:शस्त्र मोर्चा गेला आणि हाती तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या याच टापूत, कुंडल-देवराष्ट्रे परिसरात, प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडविली. त्या काळी शस्त्र मिळविणे किती दुर्घट होते, ते कसे लपवून आणावे लागे, हे आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. ज्यांनी त्या दिवसांत शस्त्र हाती घेतले त्यांनी ते मिरविण्यासाठी घेतले नव्हते, ही गोष्ट आजच्या तरुणांनी ध्यानी ठेवावी.

स्वातंत्र्य मिळाल्यावर चित्र पालटले. १९५१ साली भारताच्या राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना झाली आणि त्याचे पहिले अध्यक्षपद गणेश वासुदेव मावळंकर यांजकडे आले. हे तेच दादासाहेब मावळंकर, जे पुढे १९५२ साली लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातील मावळंगे गावचे, जन्म बडोद्याचा आणि कर्मभूमी अहमदाबाद. लोकसभेचे कामकाज नियमाने चालविणारा पुरुष नेमबाजांच्या संघाचा पहिला अध्यक्ष व्हावा, यात आम्हांस मोठे औचित्य वाटते. त्यांच्या नावाने भरणाऱ्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजही असंख्य नेमबाज पुढे येतात. विम्बल्डनच्या माळावर नव्वद वर्षांपूर्वी जे दार उघडले होते, ते आता येथील शेतकऱ्याच्या व शिक्षकाच्या मुलांस उघडले.

कायदाही बदलला. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा नवा शस्त्र अधिनियम मंजूर झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्यातील तीन गोष्टी प्रत्येक घराने समजून घेण्याजोग्या आहेत.

पहिली अशी की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नाकारावयाचा झाल्यास अधिकाऱ्यास कारणे लेखी नमूद करावी लागतात आणि अर्जदारास अपील करता येते. आजोबा हात जोडून उभे राहत, त्यांच्या नातवास आता कारण विचारण्याचा अधिकार आहे.

दुसरी अशी की, सर्व परवाने एका मापाचे नाहीत. किमान वीस इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी वा क्रीडेसाठी, ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या शेतरक्षणासाठी, आणि केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबाच्या सभासदास निशाणबाजीच्या सरावासाठी पॉइंट बावीस बोअरची रायफल अथवा एअर रायफल, एवढ्या बाबतींत चौकशीत काही वावगे न आढळल्यास परवाना द्यावा असे कायदा सांगतो. याखेरीज अन्य प्रकारांत, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या बाबतीत, अर्जदारापाशी सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. आमच्या पुतण्याची समजूत नेमकी येथेच चुकली होती. क्लबाचे सभासदत्व हे बावीस बोअरच्या रायफलीचे कारण होऊ शकते, ते कमरेच्या पिस्तुलाचे कारण आपोआप होत नाही. सरावासाठी म्हणून घेतलेले शस्त्र संरक्षणाच्या नावाखाली बरोबर बाळगून हिंडणे म्हणजे तर परवान्याच्या अटीचा भंग होय.

तिसरी गोष्ट अशी की, क्लबाच्या शस्त्राने क्लबाच्या मैदानावर सराव करावयास सभासदास स्वत:चा परवाना लागत नाही.  परवान्यास एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, परंतु त्याहून लहान मुलांस प्रशिक्षणाच्या काळात विहित अटींवर शस्त्र हाताळता येते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ठराविक शक्तीच्या आतील ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीस तर परवानाच लागत नाही, आणि दहा मीटरची स्पर्धा याच रायफलीने होते. म्हणजे आमच्या नातीच्या सरावासाठी तिच्या पित्यास सध्या कोणताच परवाना काढण्याचे प्रयोजन नव्हते.

ज्यास खरोखर परवाना हवा त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि जेथे पोलीस आयुक्तालय आहे तेथे आयुक्तांकडे, अर्ज करावयाचा असतो. पोलीस चौकशी होते, आरोग्याचा दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते, आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मुभा राहिली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. नामांकित नेमबाजांसाठी निराळ्या सवलती आहेत, पण त्या मैदानावर मिळविलेल्या गुणांच्या बळावर मिळतात.

आपल्या तालुक्यापुरती आणखी एक बाब आहे. देवराष्ट्र्याजवळील सागरेश्वर अभयारण्य हे मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांच्या कष्टांतून उजाड डोंगरावर उभे राहिले व १९८५ साली त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यावयाचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. या अंतरात ज्यांची घरे येतात अशा बांधवांनी हे आधी ध्यानात घ्यावे, म्हणजे नंतर 'आमचाच अर्ज का अडला' अशी तक्रार राहणार नाही.

येथवर इतिहास व कायदा झाला. आता खुंट्या रिकाम्या का आहेत ते सांगणे प्राप्त आहे. ही हकीकत आम्ही आजवर कोठे लिहिली नाही.

१९८४ सालच्या वैशाखात आमच्या घरी लग्न होते. आजोबा केव्हाच निवर्तले होते आणि बंदूक व परवाना चुलत्यांच्या नावे झाला होता. वरात देवळापाशी आली तेव्हा मंडळींनी बार काढण्याचा आग्रह धरला. परवाना शेतरक्षणाचा, वरातीचा नव्हे, हे चुलत्यांस ठाऊक होते आणि नुकतेच शाळेत लागलेल्या आम्हांसही ठाऊक होते. तरीही आम्हीच दारू भरली, आम्हीच चिंध्यांचा बोळा गजाने ठासला. आवाज मोठा व्हावा म्हणून दारू मापापेक्षा अधिक घातली. चुलत्यांनी नळी आभाळाकडे धरली खरी, पण गर्दीत कोणाचा धक्का लागला आणि पेटता बोळा समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या मुलाच्या तोंडावर गेला. तो आमच्याच वर्गातील, आपल्याच ज्ञातीतील, चौथीचा विद्यार्थी होता. त्याचा उजवा डोळा गेला.

त्या रात्री ज्ञातीतील वडीलधारी मंडळी बसली. घरातली गोष्ट घरात राहावी, असे ठरले. मूल फटाक्याने भाजले असे सांगण्यात आले. औषधपाण्याचा खर्च आमच्या घराने केला आणि मुलाचे वडील, गरीब व भिडस्त गृहस्थ, गप्प राहिले. त्या बैठकीत आम्हीही होतो. आम्ही तोंड उघडले नाही. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा पाचवीच्या शाळेत गेला. सैन्यात जाण्याची त्याची फार इच्छा होती, असे त्याने आमच्याच वर्गात निबंधात लिहिले होते. उजव्या डोळ्यावाचून ते घडणे नव्हते. चुलते वारल्यानंतर बंदूक आम्ही रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली आणि वारसाहक्काने परवाना मागितला नाही. लोक म्हणाले, मास्तर भित्रा आहे. आम्ही उत्तर दिले नाही, कारण खरे उत्तर देण्यास आमची जीभ उचलत नव्हती.

ज्ञातिसंस्थेने आमच्या मुलांस वसतिगृह दिले, शिष्यवृत्त्या दिल्या, लग्ने जुळविली. हे उपकार मोठे आहेत. परंतु आपल्यातील चूक झाकणे हेही ज्ञातीचे कार्य आहे, अशी समजूत त्या रात्री आपण सर्वांनी करून घेतली, ती चुकीची होती. २०१९ च्या दुरुस्तीपासून, हर्षभरात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आता ते प्रकरण चार वडीलधाऱ्यांनी मिटवावयाचे राहिलेले नाही, आणि तेव्हाही ते तसे मिटवावयाचे नव्हते.

आता त्या दुसऱ्या, आनंदाच्या गोष्टीकडे वळतो. आमची नात सुटीत कोल्हापुरास मावशीकडे राहून नेमबाजी शिकते. गेल्या मे महिन्यात आम्ही मुद्दाम तिच्याबरोबर मैदानावर गेलो. बंदुकीची नळी पाहून आमच्या छातीत प्रथम धस्स झाले, हे मान्य करतो. पण तेथे जे पाहिले ते निराळेच होते. पंचवीस-तीस मुले असूनही कोणाचा आवाज नव्हता. आज्ञा झाल्यावाचून कोणी रायफलीस हात लावीत नव्हते. रिकामी रायफलसुद्धा कोणी माणसाच्या दिशेने धरीत नव्हते. दहा मीटरवरील त्या निशाणाचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यासाठी मुले श्वास आवरून उभी होती. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या हाती ठासणीचा गज होता, तेव्हा यांतील एकही नियम कोणी आम्हांस शिकविला नव्हता.

याच करवीर नगरीच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीसारख्या लहानशा गावचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक पटकाविले. आपल्या कडेगावाहून जवळच असलेल्या कराडशेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक आणले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली, आणि ते नेमबाजाने आणले.

पुतण्यास आम्ही एवढेच सांगितले की, मुलीस क्लबात अवश्य पाठव, तिची फी कमी पडली तर आमच्या निवृत्तिवेतनातून घे. तू स्वत:ही सभासद हो, पण नेम शिकण्यासाठी हो. वर्षभर नित्य सराव करून मग तुला रायफल हवीशी वाटली, तर अर्जात कारण खरे लिही. पिस्तूल हवे असेल तर कोणापासून भय आहे ते अधिकाऱ्यास सांगावे लागेल, आणि तसे भय नसेल तर ते मागू नये. तो थोडा रुसला. परंतु जूनपासून दर रविवारी पहाटेच्या गाडीने तो मुलीबरोबर कोल्हापुरास जातो, आणि त्याचा अर्ज अद्याप कोरा आहे.

शेवटी संस्थेच्या कार्यकारी मंडळास आमची दोन नम्र निवेदने आहेत. एक, येत्या वार्षिक सभेत असा ठराव व्हावा की, ज्या विवाहात बंदुकीचा बार काढला जाईल त्या विवाहास संस्थेचा कोणीही पदाधिकारी उपस्थित राहणार नाही. दुसरे, नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्या होतकरू मुलामुलींसाठी संस्थेने एक लहानशी शिष्यवृत्ती ठेवावी. तिच्या प्रारंभासाठी आम्ही आमच्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची रक्कम चिटणिसांकडे देत आहोत. शिष्यवृत्तीस आमचे किंवा आमच्या घराण्याचे नाव देऊ नये. त्या विद्यार्थ्याचे नाव देण्याची आमची इच्छा होती. तो आज संसारी गृहस्थ असून त्याची अनुमती विचारण्यास आम्ही गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो. चाळीस वर्षांनी प्रथमच त्या प्रसंगाविषयी आम्ही दोघे बोललो. नाव देण्यास त्याने नकार दिला. मात्र ही हकीकत छापण्यास त्याने संमती दिली, आणि आम्ही निघताना, पहिल्या मुलाची निवड होईल तेव्हा आपणास कळवावे, असे तो म्हणाला.

इति लेखनसीमा.